डब्यातला ताल

आमच्या चर्चमध्ये चपला बाहेर काढूनच आत जायचं, त्यामुळे गिटारीचं ते मशीन मी कायम अनवाणी पायानंच दाबलं. पुण्यातली पोरं बूट घालून दाबायची, खाली न बघता, गाता गाता. तसं जमावं म्हणून मी घरात फरशीवर एका पायावर उभी राहून सराव करायचे, आणि आई चुलीपासून ओरडायची, "बगळ्यावानी कावून उभी हायस गं? दोन भाकरी थाप की!"

हे परळीतलं, थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राच्या, बाजूच्या वस्तीतलं, नव्वदीची शेवटची वर्षं. टीव्हीवर रोज नवं काहीतरी, बाजारात रोज नवं काहीतरी, आणि आम्ही खिडकीच्या फळीवरची राख पुसतोय. मला तेव्हा कुठंच चैन पडायची नाही. जेवताना मन घड्याळाकडं, शाळेत शिकवताना मन बाहेरच्या रस्त्याकडं. रेल्वेची शिट्टी ऐकू आली की वाटायचं, गेली, आपल्याला न घेता गेली. कुठं जायचं होतं, ते विचाराल तर नीट सांगता आलं नसतं.

मी बावीस-तेवीसची असेन. पुण्याला वसतिगृहात राहून डी.एड. केलं आणि परत यावं लागलं म्हणून परत आले. पुण्यात चर्चच्या तरुण मंडळींचा एक वाद्यवृंद होता. त्यात मी गिटार शिकले. निघताना त्यांनी त्यांचं जुनं मशीन मला देऊन टाकलं, कारण त्यांच्याकडं नवं आलं होतं. काळा लोखंडी डबा, पायानं दाबायच्या दोन पट्ट्या, आणि एक छोटी काच, तिच्यात लाल आकडे उमटायचे. गिटारीची वायर त्यात घालायची, त्याची वायर स्पीकरला द्यायची, आणि पट्टी दाबली की त्याच गिटारीचा आवाज बदलायचा. साड्यांत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन मी तो घरी आणला. मी त्याला प्रोसेसर म्हणायचे. बाकी सगळी परळी त्याला डबा म्हणायची.

आमचं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन पंखे आणि सतरंज्या. डावीकडं बाया, उजवीकडं बाप्ये. थर्मलवरचे कामगार, दवाखान्यातल्या दोन नर्सबाई, आणि सणावाराला सिरसाळ्याकडून जीप भरून येणारी शेतावरची माणसं. माझे बाबा थर्मलमध्ये कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते आणि चर्चमध्ये ढोलकी वाजवायचे. पंचवीस वर्षं. पाळकसाहेब बदलले, पेटी वाजवणारे बदलले, ढोलकी मात्र बाबांचीच. बाबांना लिहिता-वाचता बेताचंच यायचं, बैठकीत कुणी त्यांचं मत विचारायचं नाही. पण रविवारी ते ढोलकी मांडीवर घ्यायचे आणि दीडशे माणसं त्यांच्या हाताकडं बघायची. त्यांच्या जिंदगीत तेवढी एक जागा होती, जिथं सगळे त्यांच्या मागून चालायचे.

आमच्याकडं भजन जिथं सुरू होतं तिथंच राहत नाही, ते चढतं. पहिलं कडवं संथ, दुसरं जरा सैल होऊन, आणि तिसऱ्यापासून ढोलकी हळूच पुढं सरकायला लागते. टाळ्या तिच्या मागून. मग पेटीवाला सावरून बसतो, म्हाताऱ्या गुडघ्यांवर उठतात, आणि शेवटी असं काही होतं की घसा बसला तरी कुणाला कळत नाही. किती चढवायचं, कधी चढवायचं, हे सगळं बाबांच्या हातात. ते डोळे किलकिले करून माणसांकडं बघत राहायचे आणि हात आपोआप चालायचा.

डब्यात 'डिले' नावाचा एक प्रकार होता. तार एकदा छेडायची, आणि तोच सूर परत यायचा, पुन्हा परत यायचा, दर वेळी जरा बारीक होत. विहिरीत हाक मारल्यावर येतो तसा. पहिल्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी मी हलकेच दोन-चार सूर सोडले तर पत्र्याखालची हवाच बदलली. नर्सबाई प्रार्थना करता करता रडायला लागल्या. पाळकसाहेब नंतर म्हणाले, "पोरी, आज शांतता ऐकू आली बघ." डबा खोटा नव्हता, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

पण त्याची एक अट होती. सूर किती वेळानं परत यावा, हे आधी आकड्यात ठरवून ठेवावं लागायचं. गाणं त्या आकड्यानं चाललं तर परत आलेला सूर ढोलकीच्या थापेवर नेमका येऊन बसायचा, अंगावर काटा यायचा. गाणं जरा पुढं सरकलं की सगळा चिवडा. आणि मधेच आकडा बदलायचा तर वाजवणं थांबवून, खाली बसून, चार बटणं दाबत बसावं लागायचं.

त्याच रविवारी प्रार्थनेनंतर भजन सुरू झालं. दोन कडवी अशी झाली की मी स्वतःवरच खूश. तिसऱ्याला बाबांनी चढवलं, आणि माझे परतलेले सूर थापांच्या मधे मधे पडायला लागले, पत्र्यावर कुणी खडे टाकावेत तसे. मी बाबांकडं डोळे वटारून बघितलं. त्यांना वाटलं, पोरीला मजा यायली. त्यांनी अजून चढवलं.

घरी येऊन मी गिटार खाटेवर टाकली. "बाबा, पळायचं नाही हो असं!"

"कुठं पळालो? बसलो तर होतो."

"तालात पळालात. डिले मागं राहिला."

"मग त्याला म्हनावं, ये की पुढं. आमी काय अडवलंय?" आणि हसले. आई पण हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात पुण्याहून पत्र आलं. आमच्या पिकाच्या सणाला जो उपदेशक येणार होता, त्याच्याबरोबर वाद्यवृंदातले दोघं येणार होते. त्यांना गिटारवाली हवी होती, आणि मी काय वाजवते ते त्यांना ऐकायचं होतं. झालं! मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. शाळेत पोरांच्या वह्या तपासताना पाय बाकाखाली आपोआप पट्टी दाबायचा.

पिकाचा सण म्हणजे रब्बीची ज्वारी निघाली की नव्या पिकातलं देवाला आणून द्यायचं. सिरसाळ्याकडची माणसं डोक्यावर टोपली घेऊन येतात, कुणाची ज्वारी, कुणाचा हरभरा, कुणाची कोंबडी, अंडी, एखादा भोपळा. ज्याच्याकडं शेत नाही तो बाजारातून आणून वाहतो. दारापासून वेदीपर्यंत रांग, आणि रांग चालते तोवर एकच भजन. पहिली टोपली संथ येते, शेवटची नाचत. ते भजन त्या दोघांपुढं डिलेवर नेमकं बसलं तर मी निघाले पुण्याला, असा माझा हिशेब होता.

म्हणून मी बाबांना शिकवायला बसवलं. डब्यातच ठोक्यांची सोय होती. आकडा लावला की तो टिक-टिक करत राहायचा, आणि जोरात केला तर ढोल वाजल्यासारखा ताल द्यायचा. बाबा कामावरून यायचे, नखांत कोळसा तसाच, चहा घ्यायचे आणि कानाला हेडफोन लावून ढोलकी घेऊन बसायचे. हेडफोन लावलेल्या माणसाला आपण ओरडतोय हे कळत नाही.

"ऐकू यायलंय गं! लई बारीक हाय! उंदीर कुरतडल्यावानी!"

शेजारणी दारात येऊन बघायच्या. एक दिवस शेजारचे काका म्हणाले, "काय बे, बँकेत लागलास काय, यंत्र लावून बसायलास?" बाबा हेडफोनमधून नुसतंच हसले, त्यांना ऐकूच आलं नव्हतं. दोन आठवडे ते रोज बसले. एकदाही कंटाळा आला म्हणाले नाहीत. पण तिसऱ्या कडव्याला हात सुटायचा म्हणजे सुटायचाच. मी बोटानं खुणावायचे, हळू, हळू. ते दचकून हळू करायचे, मग फारच हळू व्हायचं, मग गोंधळून थांबायचे. जन्मापासून मी त्यांना ढोलकीवर थांबलेलं बघितलं नव्हतं.

सणाला चार दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी ते सातव्यांदा पळाले आणि मी बोलून गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "एवढं साधं मोजता येत नाही तुम्हाला? माझ्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांना येतं!"

बाबांनी हेडफोन काढला. वायर नीट गुंडाळली.

"मोजून कधी वाजवलंच न्हाई गं माय," ते म्हणाले. "मानसाकडं बघून वाजवलंय. कोन दमलंय, कोन अजून दारातच हाय, ते बघायचं अन् हात टाकायचा. मला एवढंच येतंय."

मला तेव्हाच गप्प बसता आलं असतं. पण माझं डोकं पुण्याच्या गाडीत जाऊन बसलं होतं. मी म्हणाले, "मग सणाला ढोलकी नको. डब्यातच ताल आहे, मी त्याच्यावर वाजवते."

मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर मी भांडले असते, रडले असते, आणि गोष्ट तिथंच मिटली असती. बाबा म्हणाले, "बरं." ढोलकीला खोळ घातली आणि ती कपाटावर ठेवली.

आईनं मात्र मला सोडलं नाही. ताट पुढ्यात आदळून म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड झाला बाई तुला. त्या मानसाला चर्चात दुसरं काय हाय? सांग की, काय हाय?" मी सांगितलं, एका दिवसापुरतंच आहे. "एक दिवस," आई म्हणाली, आणि पुढचे चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

सणाच्या दिवशी चर्च गच्च भरलं. जिपा बाहेर उभ्या, खिडक्यांतून पोरं आत डोकावतायत, ज्वारीचा वास सगळीकडं. पुण्याचे दोघं पुढं खुर्च्यांवर. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाप्यांच्या बाजूला मधोमध बसले होते, हात मांडीवर नुसतेच ठेवून. लोक त्यांना विचारत होते, काय हो, तब्येत बरी न्हाई का? ते मान हलवून माझ्याकडं बोट दाखवत होते. आज पोरगी वाजवणार हाय.

मी पायाच्या अंगठ्यानं पट्टी दाबली. डब्यातून ताल सुरू झाला, मी गिटार उचलली, आणि खोटं कशाला बोलू, लई छान झालं सुरुवातीला. डिले थापेवर चपखल बसत होता. पुण्याचा एकजण मान डोलवायला लागला. पहिल्या टोपल्या आल्या, दुसरं कडवं झालं. मग तिसरं आलं.

माणसांना कुणी सांगावं लागतं का? टाळ्या आपणहून पुढं सरकल्या. सिरसाळ्याची एक म्हातारी, डोक्यावर टोपली, कंबर हलवत निघाली होती, ती चढली. तिच्यामागच्या चढल्या. सगळं चर्च चढलं आणि डबा तिथंच. ठक ठक ठक ठक, दगडासारखा. माणसं एकीकडं, डबा दुसरीकडं, माझे परतणारे सूर तिसरीकडं. पेटीवाला माझ्याकडं बघायला लागला, कुणाला धरू? मला आकडा बदलता येईना, थांबता येईना. बोटं घामानं तारेवरून घसरायला लागली. म्हातारी मधेच थबकली. तिचा पाय कुठं टाकावा तेच तिला कळेना, आणि टोपली डोक्यावर हिंदकळली. मागची रांग अडली. पुढच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मला वाटलं, आत्ता धरणी दुभंगावी.

तेव्हा बाबा उठले.

मला वाटलं, आता ते ओरडतील, बंद कर तो डबा. मी बंद केलाही असता, देवाशपथ. पण ते बाप्यांच्या मधून पुढं आले, लोकांकडं तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि टाळी मारली. मोठी टाळी. मग दुसरी. डब्याच्या ठोक्यावर, अगदी नेमकी. "सबूर," ते मोठ्यानं म्हणाले, "दमानं, समदे माझ्याबरोबर." मधेच एका हातानं माणसांना खाली दाबल्यासारखं केलं, पुन्हा टाळी. त्यांचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, कारण त्यांच्या अंगातलं सगळं पुढं धावत होतं आणि बाबा ते धरून ठेवत होते. पण लोक पंचवीस वर्षं त्यांच्याच हाताकडं बघत आले होते. लोकांनी बघितलं, आणि लोक खाली आले. आधी बाप्ये, मग बाया, मग म्हातारी. तिचा पाय सापडला आणि ती चालायला लागली.

भजन शेवटपर्यंत सरळ गेलं. चढलं नाही. शेवटची टोपली ठेवली गेली आणि मी पट्टी दाबून ताल बंद केला, म्हणून गाणं संपलं. एरवी गाणं संपल्यावर लोक धापा टाकत असायचे, एकमेकांकडं बघून हसायचे. त्या दिवशी सगळे नीट खाली बसले आणि रुमालानं तोंड पुसायला लागले.

पुण्याचे दोघं धावत आले. काय टाइट वाजलं, एक ठोका हलला नाही, म्हणाले, गावाकडं असं ऐकायला मिळेल वाटलं नव्हतं. जूनपासून ये, म्हणाले. एकानं बाबांचा हात हातात घेऊन सांगितलं, "काका, तुमचं टायमिंग जबरदस्त आहे." बाबा ओशाळून हसले. त्यांचे तळवे पार लाल झाले होते. जूनमध्ये मी गेलेही पुण्याला, पण ते वेगळं.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "बसलं का गं बरोबर?" पोरं पाटी दाखवायला येतात तेव्हा अशीच बघतात. मी म्हणाले, "हो, बसलं."

तो आठवडा मी तडफडत काढला. काहीही करत असले की ते वर उचललेले हात डोळ्यांपुढं यायचे, आणि मला स्वतःची चीड यायची. मी ठरवून टाकलं. पुढच्या रविवारी डबा घरी ठेवला. कपाटावरून ढोलकी मीच काढली, खोळ काढली, चर्चला नेली, आणि उपासना सुरू व्हायच्या आधी बाबांच्या पुढ्यात ठेवली.

"डबा कुठं हाय?" बाबा म्हणाले.

"घरी."

"मग मी कशाच्या धाकानं वाजवू?"

"तुमच्या मनानं वाजवा."

त्यांनी ढोलकी मांडीवर घेतली. मी साधीच गिटार धरली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं लागलं. बायांच्या टाळ्या कधीच्या आसुसल्या होत्या. मी बाबांकडं बघितलं. ते माणसांकडं बघतच नव्हते. नजर सतरंजीवर, भुवया आवळलेल्या, आणि ओठ हलत होते. मला वाटलं, गातायत. मग कळलं. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार.

मी सरकत त्यांच्या जवळ गेले आणि कानाशी म्हणाले, "बाबा, चढवा ना."

त्यांनी मान हलवली. आकडा सुटू नये म्हणून आधी ते आवर्तन पुरं केलं, आणि मग हळूच म्हणाले, "नको माय. चुकंल."